सोसायटीच्या वेब प्रणालीत लॉगिन आणि अधिकार कसे बांधावेत

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या पट्ट्यातील पतसंस्था, १९९७ च्या कर्नाटक सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदलेल्या सोसायट्या आणि दूध संस्था आता आपला कारभार वेब प्रणालीवर नेत आहेत, आणि अनेकदा ती प्रणाली गावातलाच एखादा अभियंता किंवा दोन-तीन तरुणांचा गट लिहून देतो. अशा मंडळींसाठी हा लेख आहे. उदाहरणे जँगो या पायथॉन भाषेतील फ्रेमवर्कची, म्हणजे वेब प्रणालीचा तयार सांगाडा देणाऱ्या साधनाची, घेतली आहेत, कारण पायथॉन शिकलेल्यांना तो सहज हाताळता येतो. तरी लाराव्हेल, रेल्स किंवा स्प्रिंग वापरणाऱ्यांनाही यातले बहुतेक सर्व लागू पडते.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. समोरची व्यक्ती कोण आहे हे तपासण्याचे काम फ्रेमवर्क बऱ्यापैकी तयार करून देते. त्या व्यक्तीने काय पाहावे आणि काय करावे हे मात्र कोणतेही फ्रेमवर्क सांगू शकत नाही, कारण ते नियम संस्थेचे असतात आणि ते आपल्यालाच लिहावे लागतात. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०१७ च्या धोक्यांच्या यादीत अधिकार-नियंत्रणातील त्रुटी पाचव्या क्रमांकावर होत्या. २०२१ च्या यादीत त्या पहिल्या क्रमांकावर आल्या. लॉगिनचा पडदा नीट बनवून काम संपले असे समजणाऱ्यांची संख्या पाहता यात नवल वाटत नाही.

उदाहरणासाठी एक संस्था गृहीत धरू. मुख्य कार्यालय बेळगावात शहापूरला, शाखा खानापूर, नंदगड आणि निपाणीला. प्रत्येक शाखेत व्यवस्थापक, रोखपाल आणि लिपिक आहेत. दुकानादुकानांतून रोजची ठेव गोळा करणारे पिग्मी एजंट आहेत. मुख्य कार्यालयात सरव्यवस्थापक आहेत. वर संचालक मंडळ आहे आणि वर्षातून काही आठवडे लेखापरीक्षक येतात.

आधी नियम कागदावर

संगणक उघडण्यापूर्वी शाखा व्यवस्थापकांजवळ बसून प्रत्येक भूमिकेसाठी साधी मराठी वाक्ये लिहून घ्यावीत. उदाहरणार्थ: पिग्मी एजंट फक्त आपल्याकडे नेमून दिलेल्या खातेदारांची पिग्मी खाती पाहील, त्यांची पावती करील, पण झालेली पावती बदलणार नाही. रोखपाल आपल्या शाखेतील जमा-नावे नोंदी करील, पण ठरावीक रकमेवरील नोंद व्यवस्थापकाने मंजूर केल्याशिवाय खात्यावर पडणार नाही. लेखापरीक्षक सर्व शाखांचे सर्व काही पाहील, पण एक अक्षरही लिहू शकणार नाही.

ही वाक्ये लिहिताना अडचणीचे प्रश्न आपोआप पुढे येतात. संचालकाला सर्व खाती दिसावीत का, की फक्त एकूण आकडेवारी आणि मंडळापुढे आलेली कर्जप्रकरणे? निपाणीचा खातेदार बेळगाव शाखेत पैसे भरायला आला, तर तेथील रोखपालाला त्याचे खाते किती दिसावे? एजंटाचा रस्ता बदलला, तर त्याने केलेल्या जुन्या पावत्या त्याला दिसत राहाव्यात का? ही उत्तरे प्रोग्रामरने स्वतःच्या मनाने ठरवू नयेत. संस्थेकडून ती लेखी घ्यावीत, त्यावर सही घ्यावी आणि पुढे चाचण्या लिहिताना हाच कागद समोर ठेवावा.

वापरकर्त्याचे मॉडेल आणि लॉगिन क्रमांक

जँगोत नवा प्रकल्प सुरू करताना पहिले मायग्रेशन (डेटाबेसचे तक्ते तयार करणारी पायरी) चालवण्यापूर्वी स्वतःचे वापरकर्ता मॉडेल (तक्त्याचे कोडमधले वर्णन) तयार करून ते सेटिंगमध्ये नोंदवावे, मग सध्या त्यात एकही जादा रकाना नसला तरी चालेल. डेटाबेसमध्ये खरी माहिती भरल्यानंतर हे मॉडेल बदलणे फार कष्टाचे होते, कारण परवानग्या, गट आणि सेशन (लॉगिन टिकवून ठेवणारी नोंद) हे सगळे त्याला जोडलेले असते. या मॉडेलवर कर्मचारी क्रमांक, शाखा, मोबाइल आणि पडद्याची भाषा हे रकाने पहिल्याच दिवशी घालावेत. आपल्या भागात एकाच शाखेत एका खुर्चीवर मराठी वाचणारा आणि शेजारच्या खुर्चीवर कन्नड वाचणारा कर्मचारी बसलेला असतो, तेव्हा भाषा ही संपूर्ण प्रणालीची सेटिंग न ठेवता त्या व्यक्तीच्या नोंदीवर ठेवणेच योग्य ठरते.

लॉगिनसाठी व्यक्तीचे नाव वापरण्याचा मोह टाळावा, आणि याचे कारण आपल्या लिप्यांशी निगडित आहे. जँगोचा नाव तपासणारा नियम युनिकोड अक्षरांना मान्यता देतो असे दस्तऐवजात वाचून आपण निर्धास्त होतो. परंतु तो नियम पायथॉनच्या ज्या अक्षरवर्गावर उभा आहे, त्यात काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही चिन्हे अक्षर म्हणून धरली जात नाहीत. परिणामी 'कमल' हे नाव स्वीकारले जाते आणि 'सुनीता' नाकारले जाते. कन्नड नावांचीही हीच गत होते. हा नियम आपण सैल केला तरी दुसरा प्रश्न उरतो: 'कुऱ्हाडे' हे आडनाव दोन वेगवेगळ्या कीबोर्डांवर दोन वेगळ्या अक्षरक्रमांनी साठवले जाऊ शकते, डोळ्यांना दोन्ही अगदी सारखेच दिसतात, आणि जोडाक्षरासाठी मध्ये घातलेले अदृश्य चिन्ह जँगो करत असलेल्या प्रमाणीकरणातही गळत नाही. दोघांना एकसारखे दिसणारे नाव मिळण्याची शक्यता कोणत्याही आर्थिक प्रणालीत ठेवता कामा नये.

म्हणून लॉगिनसाठी कर्मचारी किंवा एजंट क्रमांक वापरावा आणि नाव फक्त दाखवण्यापुरते ठेवावे. क्रमांकातही एक खबरदारी घ्यावी लागते. मराठी कीबोर्डवरून टाइप केलेला १०४ आणि इंग्रजी अंकांतला 104 हे संगणकाच्या दृष्टीने भिन्न मजकूर आहेत. लॉगिनच्या फॉर्ममध्ये आलेले देवनागरी आणि कन्नड अंक आधी एकाच प्रकारात रूपांतरित करून मगच शोध घ्यावा. हे काम चार-पाच ओळींचे आहे, पण ते नसेल तर बरोबर क्रमांक आणि बरोबर पासवर्ड देऊनही एजंटाला प्रवेश मिळत नाही आणि त्याचे कारण कोणालाच सापडत नाही.

पासवर्ड

पासवर्ड साठवण्याची पद्धत स्वतः लिहू नये. जँगो मूळ पासवर्ड साठवत नाही. प्रत्येकासाठी वेगळे सॉल्ट (यादृच्छिक अक्षरे) मिसळून पीबीकेडीएफ-२ या पद्धतीने त्याचा हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड काढता येत नाही असे रूप) ठेवतो आणि ५.२ आवृत्तीत त्यासाठी १० लाख आवर्तने करतो. ज्यांना अधिक मजबूत पद्धत हवी आहे त्यांनी २०१५ च्या पासवर्ड हॅशिंग स्पर्धेत पहिली आलेली आर्गॉन-२ निवडावी. एक पॅकेज बसवून सेटिंगमधील यादीत तिला पहिले स्थान दिले, की जुने हॅश प्रत्येकाच्या पुढच्या लॉगिनच्या वेळी आपोआप नव्या पद्धतीत बदलत जातात.

लाराव्हेलमध्ये बीक्रिप्ट ही मूळ पद्धत आहे आणि मराठीतून पासवर्ड ठेवू देणाऱ्यांनी तिची एक मर्यादा लक्षात घ्यावी. बीक्रिप्ट पहिले ७२ बाइट विचारात घेते आणि पुढचा भाग पाहतच नाही. रोमन लिपीतले एक अक्षर एका बाइटमध्ये मावते, तर देवनागरीतले प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन-तीन बाइट घेते. 'नंदगडच्या वेशीवरचा जुना वड' या चार शब्दांत, मधल्या तीन मोकळ्या जागा धरून, ७२ बाइट तंतोतंत भरतात. त्यापुढे पाचवा शब्द कोणताही लिहिला किंवा चुकवला तरी लॉगिन होईल. तेव्हा देवनागरी पासवर्डांना मुभा द्यायची असेल तर आर्गॉन-२ वापरावी किंवा बाइटांची कमाल मर्यादा फॉर्ममध्येच तपासावी.

पासवर्ड दर महिन्याला बदलायला लावण्याची प्रथा सोडून द्यावी. अमेरिकेच्या निस्ट संस्थेने २०१७ मध्येच आपल्या मार्गदर्शिकेतून अशा ठरावीक मुदतीच्या सक्तीला विरोध केला, कारण माणसे शेवटचा अंक तेवढा वाढवतात. त्याऐवजी किमान लांबी वाढवावी. जँगोतील किमान लांबीची तपासणी ८ अक्षरांवर असते; ती १२ करावी आणि सर्रास वापरले जाणारे पासवर्ड नाकारणारी तपासणी चालू ठेवावी. त्या तपासणीची यादी मुख्यतः इंग्रजी शब्दांची असते. तिला संस्थेचे नाव, शाखांची गावे आणि गावोगावच्या देवतांची नावे, अंक जोडलेल्या रूपांसह, पुरवणी म्हणून द्यावीत. 'बेळगाव१२३' हा पासवर्ड कुठल्याही परदेशी यादीत सापडणार नाही, पण इथल्या माणसाला तो पहिल्याच प्रयत्नात सुचेल.

विसरलेल्या पासवर्डासाठी फ्रेमवर्क ईमेलचा मार्ग देते, आणि पिग्मी एजंटांपैकी अनेकजण ईमेल उघडत नाहीत. त्यांच्यासाठी शाखा व्यवस्थापकाने समोरासमोर तात्पुरता पासवर्ड द्यावा, पहिल्या लॉगिनला तो बदलणे सक्तीचे असावे आणि हे कोणी, कोणासाठी, केव्हा केले याची नोंद राहावी. व्यवस्थापकाला हा अधिकार आपल्याच शाखेतील आणि आपल्याहून खालच्या भूमिकांपुरताच असावा. नाहीतर सरव्यवस्थापकांचा पासवर्ड बदलून त्यांच्या नावाने आत जाण्याची वाट मोकळी राहते. ईमेलचा मार्ग ठेवला असेल, तर जँगोतील दुव्याची तीन दिवसांची मुदत कमी करून एका तासावर आणावी.

लॉगिन, सेशन आणि काउंटरवरचा संगणक

लॉगिन नाकारताना क्रमांक चुकला की पासवर्ड चुकला हे सांगू नये. जँगोचा तयार फॉर्म दोन्ही वेळी एकच संदेश देतो, आणि वापरकर्ता अस्तित्वात नसला तरी हॅशचे गणित मुद्दाम करतो, जेणेकरून उत्तराला लागणाऱ्या वेळेवरूनही काही कळू नये. मात्र चुकीच्या प्रयत्नांवर जँगो स्वतः कोणतीही मर्यादा घालत नाही. त्यासाठी जँगो-ॲक्सेससारखे (django-axes) पॅकेज बसवावे लागते. मर्यादा घालताना केवळ आयपी पत्त्यावर घालू नये. खानापूर शाखेतील सर्व संगणक एकाच जोडणीमागे असतात, त्यामुळे एका लिपिकाच्या चुकीने संपूर्ण शाखा बंद पडेल. क्रमांक आणि आयपी यांच्या जोडीवर ती घालावी.

जँगोचे सेशन मूळ सेटिंगनुसार दोन आठवडे जिवंत राहते. जेथे एका काउंटरवर दिवसातून तीन माणसे बसतात तेथे ही मुदत घातक आहे. सेशनची मुदत १५ मिनिटांवर आणून प्रत्येक विनंतीबरोबर ती पुढे सरकवणारी सेटिंग चालू करावी, म्हणजे काम चालू असेपर्यंत सेशन टिकते आणि माणूस चहाला गेला की संपते. ब्राउझर बंद केल्यावर सेशन संपवण्याची सेटिंगही आहे, पण मागची पाने पुन्हा उघडणारे ब्राउझर सेशनची कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली छोटी ओळखनोंद) जपून ठेवतात, म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबू नये. सेशनची आणि सीएसआरएफची (दुसऱ्या साइटवरून येणाऱ्या बनावट विनंत्या अडवणाऱ्या तपासणीची) कुकी फक्त एचटीटीपीएसवरूनच जाईल अशी सेटिंग हाताने करावी लागते; ती आपोआप नसते.

रोखपाल एका क्रमांकाने लॉगिन करून ठेवतो आणि दिवसभर सगळे त्यावर काम करतात, ही शाखांतली सवय कोणत्याही फ्रेमवर्कने मोडत नाही. लॉगिन फार वेळखाऊ असेल तर ही सवय वाढते. म्हणून पुन्हा लॉगिन करणाऱ्याला तो ज्या पानावर होता तेथेच परत नेणे आणि अर्धवट भरलेला व्हाउचर मसुदा म्हणून जपणे ही कामेही सुरक्षेचीच कामे समजावीत. वेगळ्या व्यक्तीने लॉगिन केल्यास मात्र आधीच्या व्यक्तीचा मसुदा तिला दिसू नये.

व्यवस्थापक आणि त्यावरील सर्वांना पासवर्डानंतर ओळख तपासणारा दुसरा टप्पा सक्तीचा करावा. एसएमएसने येणाऱ्या ओटीपीसाठी प्रेषकाचे नाव आणि मजकुराचा नमुना दूरसंचार कंपन्यांच्या नोंदवहीत आधी नोंदवावा लागतो, आणि जांबोटी किंवा कणकुंबीकडे रेंज नेहमी मिळेलच असे नाही. २०११ पासून प्रमाणित असलेली टीओटीपी पद्धत दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा अंकी संकेत फोनमध्येच तयार करते. तिला नेटवर्क लागत नाही, फक्त फोनचे घड्याळ बरोबर असावे लागते.

सर्व पाने आधी बंद, मग हवी तेवढी उघडी

प्रत्येक व्ह्यूवर (पान तयार करणाऱ्या कोडवर) लॉगिन हवे असे चिन्ह लावत जाण्याच्या पद्धतीत एखादे पान विसरतेच. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या जँगो ५.१ मध्ये लॉगिन सक्तीचे करणारे मिडलवेअर (प्रत्येक विनंती व्ह्यूकडे जाण्यापूर्वी तपासणारा भाग) समाविष्ट झाले. ते यादीत ओळख तपासणाऱ्या मिडलवेअरनंतर ठेवले की सर्व पाने बंद होतात, आणि लॉगिनचे पान व संस्थेच्या व्याजदरांसारखी मोजकी जाहीर पाने तेवढी नाव घेऊन उघडावी लागतात. याच्या आधीच्या आवृत्तीवर असलेल्यांनी असे मिडलवेअर स्वतः लिहावे. ते अर्ध्या पानाचेही होत नाही.

एजंटांच्या मोबाइल ॲपसाठी जँगो रेस्ट फ्रेमवर्क (एपीआय, म्हणजे ॲप आणि सर्व्हर यांच्यात माहितीची देवाणघेवाण करणारे दुवे, बनवण्याचे पॅकेज) वापरत असाल तर तेथील मूळ परवानगी सर्वांना खुली असते, हे ध्यानात घ्यावे. वेबची पाने बंद केली म्हणून एपीआय बंद झाले असे होत नाही. तेथील सेटिंगमध्ये मूळ परवानगी 'लॉगिन केलेल्यांनाच' अशी स्वतंत्रपणे बदलावी.

कोणत्या नोंदी दिसाव्यात

जँगो प्रत्येक मॉडेलसाठी पाहणे, भर घालणे, बदलणे आणि पुसणे अशा चार परवानग्या आपोआप तयार करतो. भूमिकांसाठी गट करून त्या गटांना द्याव्यात, व्यक्तींना थेट देऊ नयेत. 'नोंद मंजूर करणे' किंवा 'व्याजदर बदलणे' अशा संस्थेच्या खास परवानग्या मॉडेलवर आपण जोडाव्यात आणि कोडमध्ये गटाचे नाव कधीही न तपासता परवानगीच तपासावी. उद्या संस्थेने 'उपव्यवस्थापक' हे पद निर्माण केले, तर कोडला हात न लावता काम भागते.

पण या परवानग्या एवढेच सांगतात की हा माणूस खाती पाहू शकतो. कोणती खाती, हे त्या सांगत नाहीत. जँगोच्या मूळ बॅकएंडला (ओळख आणि परवानग्या तपासणाऱ्या भागाला) एखादी विशिष्ट नोंद दाखवून परवानगी विचारली तर सुपरयूजर (सर्व अधिकार असलेले खाते) सोडून सर्वांसाठी उत्तर 'नाही' असेच येते. खरी गळती येथेच होते. एजंटाने आपल्या खातेदाराची पावती उघडली आणि पत्त्याच्या शेवटी ४८१७ हा क्रमांक दिसला, तर तो ४८१८ करून पाहणे हे कोणालाही सुचणारे काम आहे. लॉगिन बरोबर आहे, पावती पाहण्याची परवानगीही आहे, आणि तरीही समोर दुसऱ्याच एजंटाच्या खातेदाराची शिल्लक येते. क्रमांकाऐवजी लांबलचक यादृच्छिक ओळखचिन्ह वापरल्याने अंदाज बांधणे कठीण होते, पण तो अधिकाराचा नियम नव्हे. तसा दुवा व्हॉट्सॲपवर पुढे गेला की संपले.

यावर मला सर्वांत विश्वासार्ह वाटणारी रचना अशी. खाते, पावती, कर्जप्रकरण अशा प्रत्येक मॉडेलच्या क्वेरीसेटवर (डेटाबेसमधून नोंदी आणणाऱ्या भागावर) एकच पद्धत लिहावी, जी वापरकर्ता घेते आणि त्याला दिसू शकणाऱ्या नोंदीच परत देते. एजंट असेल तर आजच्या तारखेला त्याच्याकडे नेमलेली पिग्मी खाती. रोखपाल किंवा व्यवस्थापक असेल तर त्याच्या शाखेची. लेखापरीक्षक असेल तर त्याच्या नेमणुकीच्या मुदतीत सर्व. आणि यांपैकी कोणीच नसेल तर रिकामा संच. शेवटचा भाग आवर्जून लिहावा, कारण नवी भूमिका तयार झाली आणि तिचा नियम लिहायचा राहिला, तर तिला काहीही दिसू नये.

त्यानंतर यादीचे पान, एकच नोंद दाखवणारे पान, शोधपेटीतील सुचवण्या, छापील अहवाल आणि एक्सेलमध्ये उतरवून घेण्याची सोय, या सर्वांनी या पद्धतीतूनच नोंदी घ्याव्यात. एकच नोंद उघडतानाही आधी हा गाळलेला संच घ्यावा आणि त्यात तो क्रमांक शोधावा. तो सापडला नाही तर ४०४ म्हणजे 'आढळले नाही' असे उत्तर जाते. ४०३ म्हणजे 'मनाई' असे उत्तर दिले तर त्या क्रमांकाचे खाते आहे एवढी माहिती तरी बाहेर जातेच, म्हणून दुसऱ्याच्या नोंदींसाठी ४०४ आणि स्वतःच्याच नोंदीवर न करता येणाऱ्या कृतीसाठी ४०३ असा भेद पाळावा. रेस्ट फ्रेमवर्कमध्ये नोंदनिहाय परवानग्या याद्यांना लागू होत नाहीत. तेथेही हाच गाळलेला संच द्यावा.

एजंट आणि खाते यांचा संबंध खात्यावरच्या एका रकान्यात न ठेवता स्वतंत्र तक्त्यात, 'पासून' आणि 'पर्यंत' या तारखांसह ठेवावा. रस्ता बदलला की जुनी नेमणूक बंद होऊन नवी सुरू होते, आणि वर्षभरापूर्वीची पावती कोणत्या अधिकाराने झाली हे लेखापरीक्षकाला दाखवता येते.

लाराव्हेलमध्ये हे काम पॉलिसी आणि क्वेरी स्कोप यांनी, रेल्समध्ये पंडित या जेमच्या पॉलिसी स्कोपने करता येते. स्प्रिंग सिक्युरिटीत पद्धतीवर लावलेली अट कृती अडवते, पण याद्या गाळण्याची अट क्वेरीत आपल्यालाच घालावी लागते.

नोंद करणारा एक, मंजूर करणारा दुसरा

आपल्या सोसायट्यांत मोठ्या व्हाउचरवर दोन सह्यांची पद्धत संगणक येण्यापूर्वीपासून आहे. प्रणालीत ती आणताना 'मंजूर करणे' ही परवानगी तपासणे पुरेसे नाही, कारण व्यवस्थापक रजेवरच्या रोखपालाच्या जागी स्वतः नोंद करतो आणि मग स्वतःच ती मंजूर करतो. नोंद करणारा आणि मंजूर करणारा भिन्न असला पाहिजे ही अट कोडमध्ये घालावी आणि डेटाबेसच्या तक्त्यावरही निर्बंध म्हणून घालावी. जँगोचा सुपरयूजर प्रत्येक परवानगीला 'हो' असेच उत्तर मिळवतो. डेटाबेसचा निर्बंध मात्र त्यालाही अडवतो. सुपरयूजर खाते संस्थेतील कोणाच्याही रोजच्या कामासाठी देऊ नये, चेअरमननी मागितले तरी.

मंजुरीच्या वेळी ती नोंद तीच आहे ना हेही पाहावे. व्यवस्थापकाने पडद्यावर ५०,००० वाचले आणि त्याने बटण दाबण्यापूर्वी रोखपालाने रक्कम बदलली, असे घडू नये. मंजुरीसाठी पाठवलेली नोंद गोठवावी, आणि बदल हवा असेल तर ती परत घेऊन नव्याने पाठवावी लागावी.

कागदपत्रांच्या फाइली

आधार, पॅन, सातबारा किंवा इथल्या भाषेत उतारा, जामीनदारांचे फोटो ही सर्व कागदपत्रे अपलोड होऊन एका फोल्डरमध्ये जातात, आणि बहुतेक ठिकाणी त्या फोल्डरमधील फाइली एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर थेट देतो. जँगोतील एकही तपासणी त्या मार्गावर लागत नाही. लॉगिन नसलेल्या कोणालाही दुवा मिळाला की खातेदाराचे आधार कार्ड उघडते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाचा विचार बाजूला ठेवला तरी, आपल्या विश्वासावर कागद देणाऱ्या शेतकऱ्याचे कागद असे उघड्यावर ठेवणे योग्य नाही.

उपाय सोपा आहे. फाइलचा दुवा जँगोच्या व्ह्यूकडे यावा, व्ह्यूने त्या वापरकर्त्याच्या गाळलेल्या संचात ते कर्जप्रकरण आहे का हे पाहावे, आणि असेल तर एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट या हेडरद्वारे फाइल देण्याचे काम एन्जिनएक्सवर सोपवावे. तो फोल्डर एन्जिनएक्समध्ये केवळ अंतर्गत वापरासाठी म्हणून घोषित करावा.

एजंटाचा फोन आणि नोकरी सोडणारा माणूस

रेंज नसलेल्या वाडीत एजंट पावती फोनवर करतो आणि ती नंतर सर्व्हरवर जाते. अशा ॲपसाठी जेडब्ल्यूटी टोकन (सर्व्हरने डिजिटल सही करून दिलेला प्रवेशाचा परवाना) दिले, तर त्याची मुदत संपेपर्यंत ते केवळ सहीच्या बळावर चालते आणि मध्येच रद्द करता येत नाही. म्हणून प्रवेशाचे टोकन काही मिनिटांचे ठेवावे आणि ते नव्याने देणारे टोकन सर्व्हरवरील तक्त्यात ठेवावे, म्हणजे फोन हरवला की ती ओळ रद्द करता येते.

अधिकाराची तपासणी पावती सर्व्हरवर पोहोचताना करावी. मधल्या काळात एजंटाचे खाते बंद झाले असेल तर पावत्या फेकून देऊ नयेत, कारण दुकानदाराने पैसे खरोखर दिलेले असतात. त्या व्यवस्थापकाच्या तपासणीसाठी वेगळ्या रांगेत ठेवाव्यात, आणि फोनवरची वेळ व सर्व्हरची वेळ दोन्ही नोंदवाव्यात.

नोकरी सोडणाऱ्याचे खाते पुसू नये. ते निष्क्रिय करावे. जँगोत निष्क्रिय केलेल्या व्यक्तीचे चालू सेशन पुढच्याच विनंतीला निरुपयोगी होते, कारण प्रत्येक वेळी मूळ बॅकएंड तिची स्थिती तपासतो. पावत्यांकडून वापरकर्त्याकडे जाणारा संबंध 'संरक्षित' ठेवावा, म्हणजे चुकून कोणी खाते पुसायला गेले तर जँगो नकार देईल आणि त्या माणसाने केलेल्या पावत्या जागच्या जागी राहतील.

चाचण्या आणि नोंदवह्या

सहीचा कागद आता बाहेर काढावा. त्यातील प्रत्येक वाक्यासाठी एक होकारार्थी आणि एक नकारार्थी चाचणी लिहावी. एजंट क्रमांक १०४ आपली पावती उघडतो, उत्तर २०० म्हणजे 'यशस्वी'. तोच १०५ ची पावती उघडतो, उत्तर ४०४. तोच आपलीच पावती बदलू पाहतो, उत्तर ४०३. नंदगडचा रोखपाल निपाणीचे खाते शोधपेटीत टाइप करतो, सुचवणी रिकामी. नकाराच्या चाचण्या होकाराच्या चाचण्यांहून जास्त असल्या पाहिजेत. शिवाय प्रकल्पातील सर्व पत्त्यांवर फिरून, लॉगिन न करता प्रत्येक पान उघडू पाहणारी एक चाचणी लिहावी, आणि जाहीर पानांची यादी सोडून कोठेही २०० आले तर ती नापास व्हावी. नवीन पान जोडणारा सहकारी नियम विसरला तरी ही चाचणी विसरत नाही.

जँगोची स्वतःची बदल-नोंद फक्त ॲडमिन पडद्यावरच्या कृतींपुरती असते, म्हणून लॉगिन, नाकारलेले लॉगिन, पासवर्ड बदल, मंजुरी, नकार आणि एक्सेलमध्ये उतरवलेली प्रत्येक यादी यांची नोंद आपण स्वतंत्र तक्त्यात करावी, आणि त्या तक्त्यावर प्रणालीच्या डेटाबेस वापरकर्त्याला फक्त भर घालण्याचा अधिकार द्यावा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार प्रणालींच्या लॉग नोंदी १८० दिवस भारतातच जपाव्या लागतात आणि सायबर घटनेची माहिती ती लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. हे सहा तास सुरू झाल्यावर कोणाला फोन करायचा आणि सर्व्हर बंद करण्याचा निर्णय कोणाचा, हे दोन तपशील त्याच सहीच्या कागदाच्या शेवटी लिहून घ्यावेत. सर्व्हर सुरू करण्यापूर्वी जँगोची तैनातीपूर्व तपासणीची आज्ञा चालवावी, आणि ती दाखवील त्या प्रत्येक सूचनेचे निराकरण झाल्यावरच पहिल्या शाखेला क्रमांक वाटावेत.